भिजत घोंगडं: महत्त्वाचंच काम आपल्याच्यानं का होत नाही

आमच्या बेडरूममधल्या कपाटावर एक खाकी रेक्झिनची पिशवी होती. आण्णा गेले आणि तेराव्यानंतर दादाने ती माझ्या हातात दिली, म्हणाला तू पुण्यात असतेस, तुला कागदपत्रांचं कळतं, शेताच्या वारस नोंदीचं तेवढं तू बघ. मी म्हणलं बघते. ती पिशवी त्या कपाटावर एक वर्ष आठ महिने पडून राहिली.

मी अकाउंट्समध्ये काम करते. दुसऱ्यांच्या रिटर्नच्या, जीएसटीच्या तारखा सांभाळणं हाच माझा रोजचा धंदा आहे आणि त्यातली एकही तारीख मी चुकवत नाही. घरचं, मुलीच्या शाळेचं, सासूबाईंच्या औषधांचं सगळं वेळेवर होतं. पण ती पिशवी दिसली की मला दुसरंच काहीतरी आठवायचं. एका रविवारी अगदी ठरवून बसले की आज अर्ज भरायचाच, आणि दुपारी दोनला बघते तर माळा आवरून झालेला, फ्रीज पुसून झालेला, मुलीच्या जुन्या वह्या रद्दीला काढून झालेल्या आणि पिशवी जिथल्या तिथे. त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रश्न पडला की मी जर आळशी असते तर माळा कशाला आवरला असता? माळा आवरायला जास्त कष्ट पडतात. अर्ज तर दोन पानांचा होता.

या प्रश्नामागे लागून मी बरंच वाचलं, आणि जे कळलं ते इथे सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतेय, कारण आपल्याकडे याच्यावर एकच शब्द फेकला जातो, आळशी, आणि तो शब्द ऐकत मोठी झालेली कितीतरी माणसं मला माहिती आहेत जी दिवसभर राबतात आणि तरी रात्री स्वतःला आळशी म्हणत झोपतात.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करू. पुढे ढकललेलं प्रत्येक काम म्हणजे चालढकल नाही. वाफसा येईपर्यंत पेरणी थांबवणारा शेतकरी टाळाटाळ करत नसतो, त्याला जमीन कळते म्हणून तो थांबलेला असतो. पोराला ताप आलाय म्हणून बँकेचं काम उद्यावर टाकलं तर ते शहाणपण झालं. चालढकल कधी म्हणायची, तर काम करायचंय, ते गरजेचंय, उशीर केला तर आपलंच नुकसान आहे हे पक्कं माहितीये, आणि कोणी अडवलेलं नसताना आपण ते पुढे ढकलतोय. नुकसान दिसत असतानाही ढकलणं हा त्याच्यातला मुद्दा आहे, आणि म्हणूनच ते इतकं टोचतं.

मराठीत याला शब्द भरपूर, टंगळमंगळ, दिरंगाई, आजचं मरण उद्यावर ढकलणं. पण मला सगळ्यात नेमका वाटतो तो भिजत घोंगडं. ज्यांनी घोंगडं धुतलंय त्यांना माहितीये, कोरडं असताना ते एका खांद्यावर टाकून माणूस चार कोस चालतो, पण एकदा पाण्यात पडलं की उचलायला दोघं लागतात. लोकर तेवढीच असते हं, वजन सगळं पाण्याचं असतं. टाळलेल्या कामाचं अगदी तसंच आहे, काम वाढत नाही, त्याच्याभोवतीची भावना वाढत जाते आणि ती आपण उचलू शकत नाही.

कॅनडात ओटावाच्या कार्लटन युनिव्हर्सिटीत टिमथी पिचिल म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांचं आणि फ्युशिया सिरवा या संशोधक बाईंचं म्हणणं २०१३ सालच्या लेखात अगदी स्पष्ट आहे, की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रॉब्लेम कमी आणि मन सावरण्याचा प्रॉब्लेम जास्त आहे. म्हणजे काय? एखादं काम समोर आलं की त्याच्यासोबत एक भावना येते. कंटाळा येतो, भीती वाटते, आपल्याला जमणार नाही असं वाटतं, कधी लाज असते, कधी कोणाचा राग असतो. ती भावना नकोशी असते. काम बाजूला सारलं की ती भावना त्या क्षणी जाते आणि एकदम सुटल्यासारखं वाटतं. बस्स, ते सुटल्यासारखं वाटणं हेच बक्षीस. मेंदूला बक्षीस मिळालं की तो ते पुन्हा करतो. खाज सुटल्यावर खाजवावं तसं आहे हे, खाजवताना बरं वाटतं, नंतर चट्टा वाढतो, आणि चट्टा वाढला की खाज अजून सुटते.

म्हणून टाइमटेबल करून उपयोग होत नाही. मी पाच तरी टाइमटेबलं केली असतील. डायरीत "वारस नोंद" असं लाल पेनाने लिहिलेलं होतं आणि दर आठवड्याला ते पुढच्या आठवड्यात कॉपी होत होतं. वेळ नव्हता असं कधीच नव्हतं, वेळ होता म्हणूनच तर माळा आवरला.

मग माझी भावना कोणती होती? हे मला फार उशिरा कळलं. त्या अर्जाच्या वरच एक ओळ आहे, "मयत खातेदाराचे नाव". तिथे मला आण्णांचं पूर्ण नाव माझ्या अक्षरात लिहायचं होतं. पिशवी पहिल्यांदा उघडली होती तेव्हा ती ओळ दिसली आणि मी पिशवी बंद करून वर ठेवली, इतकंच झालं होतं. नंतर मी स्वतःला सांगत राहिले की कागद जमवायला वेळ लागेल, गावाला जायला सुट्टी मिळत नाही, तलाठी भाऊसाहेब भेटत नाहीत, आणि हे सगळं थोडं थोडं खरं पण होतं. पण पिशवी बंद झाली ती त्या एका शब्दावर, मयत.

तुमचं काम वेगळं असेल. पण जरा थांबून बघा की नेमकं कुठे आल्यावर हात थांबतो. प्रबंध लिहिणाऱ्याचा हात गाइडला पाठवायच्या ईमेलवर थांबतो कारण मागच्या वेळी मान खाली घालावी लागली होती. डेंटिस्टची अपॉइंटमेंट न घेणाऱ्याला दुखण्यापेक्षा "इतके दिवस काय करत होतात" हे ऐकायची भीती असते. एखाद्याला गणित समजलेलंच नसतं आणि समजलं नाही हे कबूल करायचं नसतं, म्हणून तो अभ्यासाआधी टेबल लावतो, पेन्सिलींना टोक काढतो, नवीन वही आणतो, नमनालाच घडाभर तेल. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, काम होत नाहीये एवढंच. आत प्रत्येकाचं कारण निराळं असतं आणि ते कारण कळल्याशिवाय पुढचा कुठलाही उपाय लागू पडत नाही असं माझं मत झालंय.

आता एक समज असतो आणि तो अभिमानाने सांगितला जातो, की "मी प्रेशरमध्येच भारी काम करतो". याच्यावर १९९७ साली डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास छापला होता, तो मला फार पटला. सेमिस्टरच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं खरंच मजेत होती, बाकीच्यांपेक्षा ताण कमी, आजारपण पण कमी. पण सेमिस्टर संपत आलं तसं सगळं उलटलं, त्यांचा ताण आणि आजारपण इतरांच्या वर गेलं, आणि आधी मिळालेलं सुख वजा करूनही एकूण त्रास त्यांनाच जास्त झाला, मार्क पण त्यांचेच कमी. म्हणजे प्रेशरमध्ये काम "होतं" हे खरं, कारण तोवर काम न केल्याची भीती काम करण्याच्या भीतीपेक्षा मोठी झालेली असते, मग माणूस धावतो. पण ते काम चांगलं होतं असं म्हणायला काही आधार नाही. आणि ज्या कामाला शेवटची तारीखच नसते त्याचं काय? व्यायाम, आईला फोन, छातीत गाठ लागल्यासारखी वाटतेय ती दाखवून घेणं, यांची भीती मोठी होईपर्यंत थांबायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

माझ्या कामाला तर तारीख होती, गंमत नाही सांगत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९, जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. पण ती मुदत कागदावर होती, दारात येऊन विचारणारं कोणी नव्हतं, आणि विचारणारं माणूस नसलं की मुदत असून नसल्यासारखी होते.

दुसरी एक गोष्ट आहे जी कळल्यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते. आपण काम उद्यावर टाकतो म्हणजे कोणावर टाकतो? उद्याच्या "मी"वर. आणि त्या उद्याच्या "मी"ची आपल्याला नीट ओळखच नसते. हाल हर्शफील्ड नावाचे संशोधक आहेत, त्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून बघितलं, तर बऱ्याच जणांच्या मेंदूत दहा वर्षांनंतरच्या स्वतःचा विचार करताना जी हालचाल दिसली ती आत्ताच्या स्वतःपेक्षा परक्या माणसाच्या विचाराशी जास्त जुळत होती. परक्यावर काम ढकलायला आपल्याला काय वाटणार? वर आपण असंही समजतो की तो परका फार ताकदवान आहे, त्याला कंटाळा येत नाही, त्याला ऑफिसातून यायला उशीर होत नाही, त्याचं डोकं दुखत नाही. आणि मग उद्या उजाडतो आणि तिथे आपणच असतो, तेच दुखतं डोकं घेऊन.

आपला अंदाज तर कायम चुकतोच. १९९४ साली कॅनडातल्या काही विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसात होईल. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले. मग विचारलं की सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? ते म्हणाले ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. सगळं बिघडेल असं धरूनसुद्धा अंदाज कमी पडला. म्हणून "दोन तासाचं तर काम आहे, शनिवारी करून टाकू" हे वाक्य तोंडात आलं की मी आता दोनाचे चार धरते आणि शुक्रवारीच बसते.

बरं, मग उपाय काय. मला जे लागू पडलं आणि ज्याला अभ्यासाचाही आधार आहे तेवढंच सांगते.

पहिलं, आणि हे ऐकायला विचित्र वाटेल, स्वतःला शिव्या घालणं बंद करायचं. मी मागे सांगितलं तसं, काम टाळतो ते नकोशा भावनेमुळे. आता त्या कामाला जर आपण अजून लाज आणि अपराधीपणा चिकटवला तर ते अजून नकोसं होणार, घोंगड्यात अजून एक बादली पाणी. कार्लटन युनिव्हर्सिटीतच २०१० साली एक अभ्यास झाला, पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात ज्यांनी चालढकल केली होती त्यांच्यापैकी ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. ज्या घरात पोरांना रोज आळशी म्हणून ऐकवलं जातं ना, त्या आईवडिलांना मला हे हात जोडून सांगावंसं वाटतं. तुम्ही पोराला ढकलताय असं तुम्हाला वाटतं, पण तुम्ही पुस्तकाला भीती चिकटवताय.

माझ्याबाबतीत हे असं झालं की एका संध्याकाळी दादाचा फोन आला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही, मी रडत सांगितलं की मी अजून काही केलेलं नाही, पिशवी उघडवत नाहीये. मला वाटलं तो चिडेल. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, अगं राहू दे, माझ्याच्यानं उघडवली नाही म्हणून तर तुझ्याकडे दिली.

त्या एका वाक्याने निम्मं पाणी निथळलं. मग तोच म्हणाला, आज काही भरू नकोस, फक्त पिशवी कपाटावरून खाली काढ आणि जेवणाच्या टेबलावर ठेव. एवढंच.

हे "एवढंच" फार महत्त्वाचंय. आपण डायरीत काम लिहितो ते "वारस नोंद" असं लिहितो, "प्रबंध", "वजन कमी करणे", "घर बघणे". ही कामं नाहीतच, हे डोंगर आहेत, आणि डोंगराला हात कुठे लावायचा ते कळत नाही. हाताने करायची पहिली हालचाल कुठली ते शोधायचं आणि ती इतकी लहान करायची की तिच्यासोबत भीती येणारच नाही. पिशवी खाली काढणे. फाइल उघडून तिला नाव देणे. बूट दारात ठेवणे. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये सेव्ह करणे, लावायचा नाही आज, फक्त सेव्ह. लोक म्हणतात मूड लागला की करू, पण मूड बहुतेक वेळा कामाच्या मागून येतो, आधी येत नाही. टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर लावून पंचवीस मिनिटं काम करायची जी पोमोडोरो पद्धत आहे, फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना काढलेली, ती पण मला वाटतं याच कारणाने चालते, पंचवीस मिनिटांची कोणाला भीती वाटत नाही. मला सुरुवातीला पंचवीस पण जास्त होती, मी दहा लावायचे.

दुसरं म्हणजे, "करीन" असं न म्हणता "अमुक झालं की तमुक करीन" असं म्हणायचं. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक रिपोर्ट लिहायला सांगितला होता, ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळचा, दोन दिवसांच्या आत. निम्म्यांना फक्त काम दिलं, निम्म्यांना सांगितलं की कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आत्ता ठरवा. नुसतं काम दिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी वेळेत लिहिला, जागा आणि वेळ ठरवलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश. एवढा फरक एका वाक्याचा. माझं वाक्य होतं, शनिवारी सकाळचा चहा झाला आणि कप सिंकमध्ये ठेवला की त्याच खुर्चीत बसून मृत्यूचा दाखला पिशवीतून बाहेर काढायचा. कप ठेवला, की आता करू का नको हा विचार करायचा प्रश्नच उरत नाही, कप ठेवलाय म्हणजे आता बसायचं.

आणि सोबत. दाखला काढला त्या शनिवारी दादा स्पीकरवर होता. तो काही मदत करत नव्हता, तिकडे गोठ्यात त्याचं काम चालू होतं, म्हशीचा आवाज येत होता, मध्येच विचारायचा काय झालं गं, मी म्हणायचे आधारच्या झेरॉक्स लावतेय. सदाशिव पेठेत इतकी पोरं घरात टेबल असूनही अभ्यासिकेच्या खुर्चीचे दर महिन्याला पैसे का भरतात ते मला तेव्हा कळलं. शेजारी कोणीतरी मान खाली घालून बसलंय एवढ्यानेच पुष्कळ होतं. मुदतीचं पण तसंच, अमेरिकेत एमआयटीमध्ये डॅन अरिएली आणि क्लाउस वर्टनब्रॉख यांनी २००२ साली दाखवलं की ज्या विद्यार्थ्यांना तीन निबंधांसाठी ठरावीक अंतराने मुदती लावून दिल्या त्यांचे मार्क स्वतः मुदती ठरवणाऱ्यांपेक्षा चांगले आले. आपणच आपल्याला दिलेली मुदत आपण सहज मोडतो. त्याच्यापेक्षा कोणाला तरी सांगून ठेवावं की रविवारी तुला दाखवते.

फोनबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांनाच माहितीये. इतकंच की पूर्वी काम टाळायला माळा तरी आवरायला लागायचा, आता अंगठा हलवला की झालं, त्यामुळे कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हे मनाच्या निग्रहापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

एक मात्र मनापासून सांगते. सगळीच चालढकल अशी एका पिशवीपुरती नसते. काही जणांचं लहानपणापासून प्रत्येकच काम अर्धवट राहतं, लक्ष टिकतच नाही, तिथे एडीएचडी असू शकतं. काहींना अंघोळीला उठणंसुद्धा जड जातं, आवडीचं पण काही करावंसं वाटत नाही, आणि आठवडेच्या आठवडे तसेच जातात, ते डिप्रेशन असू शकतं. तिथे टायमर आणि चहाचा कप कामाचे नाहीत, डॉक्टर लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. सरकारची टेली मानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. आणि हो, हा नंबर फक्त सेव्ह करून ठेवला तरी चालेल आज.

"मयत खातेदाराचे नाव" ही ओळ मी सगळ्यात शेवटी भरली. आधी गट नंबर लिहिले, क्षेत्र लिहिलं, आईचं नाव, दादाचं, माझं. मग दादाला म्हणलं की आता ते लिहितेय. तो म्हणाला लिही, मी आहे. एका ओळीला किती वेळ लागतो, दहा सेकंद. नाव लिहून झाल्यावर मी बराच वेळ रडले, पण ते रडणं एक वर्ष आठ महिने थांबलेलं होतं आणि ते अर्जाच्या मागे थांबलेलं आहे हे मला माहितीच नव्हतं.

पुढचं सगळं मग सरळ झालं. गावाला जाऊन अर्ज दिला, तलाठी भाऊसाहेबांनी फेरफार घातला, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली, कोणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. नवीन सातबारा घेऊन मी आईकडे गेले. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणाली वाच. मी वाचला. आण्णांच्या नावाला कंस पडला होता आणि त्याच्याखाली आम्हा तिघांची नावं होती. आईने कागद हातात घेतला, कंसातल्या नावावरून एकदा बोट फिरवलं, आणि घडी घालून त्याच खाकी पिशवीत ठेवून पिशवी तिच्या ट्रंकेत टाकली.